दोन टक्क्यांचा हिशेब कोण मागणार?

वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक छायाचित्र हमखास असते. कंपनीचे चार साहेब रांगेने उभे, त्यांच्यापुढे वस्तीतली पोरे, पोरांच्या हातात कंपनीचे नाव छापलेली दप्तरे. खाली ओळ असते: 'सामाजिक बांधिलकीतून शालेय साहित्याचे वाटप'. मुख्याध्यापक आभार मानतात, सरपंच हार घालतात, पोरांना टाळ्या वाजवायला लावतात. जणू साहेबांनी स्वतःच्या खिशात हात घालून गोरगरिबांवर उपकार केले! परंतु त्या दप्तरामागे भारताच्या संसदेने मंजूर केलेला कायदा उभा आहे, हे त्या सरपंचाला कोणी सांगत नाही. तो हार साहेबांच्या गळ्यात कशासाठी? कायद्याने द्यायचे ते देणाऱ्याचा सत्कार करायचा नसतो. पुरते दिले की नाही, ते त्याला विचारायचे असते.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आमच्या कार्यकर्त्यांनी ॲट्रॉसिटीच्या कायद्याची कलमे जशी तोंडपाठ केली, तसे हे एक कलमही पाठ करावे, एवढ्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आधी थोडा इतिहास. २००४ साली केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार आले. त्याच्या किमान समान कार्यक्रमात खासगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय होता. सरकारी कारखाने विकले जात होते, नोकरभरती आटत होती, तेव्हा आरक्षण शिल्लक राहणार कशात, असा आमच्या समाजाचा रास्त सवाल होता. उद्योगपतींच्या संघटना खडबडून जाग्या झाल्या. २००६ साली जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली उद्योगांच्या कृतिगटाने अहवाल दिला. त्याचा सारांश एका वाक्यात सांगता येईल: कायदा करू नका, आम्ही स्वेच्छेने करतो. पुढे २००९ साली कंपनी व्यवहार मंत्रालयाने सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तीही ऐच्छिकच होती. स्वेच्छेने काय झाले, ते नोकरीच्या दारात उभ्या राहिलेल्या आमच्या पदवीधर पोरांना विचारा.

अखेर ऑगस्ट २०१३ मध्ये नवा कंपनी कायदा संसदेत पूर्ण मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१४ पासून कलम १३५ अमलात आले. आरक्षण मिळाले नाही, ते नाहीच. परंतु कंपनीच्या नफ्यातला ठराविक वाटा समाजासाठी खर्च झालाच पाहिजे, हे तत्त्व पहिल्यांदाच आपल्या कायद्याच्या पुस्तकात आले. असे बंधन कायद्याने घालणारे देश जगात फार थोडे आहेत. ही गोष्ट लहान नाही.

आता कलम काय म्हणते ते पाहू. आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, किंवा उलाढाल १००० कोटी किंवा अधिक आहे, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक आहे, तिला हे कलम लागू होते. तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागत नाहीत, एक पुरी झाली तरी पुरे. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम दरवर्षी सामाजिक कामावर खर्च करायची आहे. म्हणजे सरासरी नफा १०० कोटी असेल, तर २ कोटी. भारतात शाखा असलेल्या परदेशी कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र आमच्या ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. हे बंधन 'कंपनी'वर आहे. सहकारी साखर कारखाना ही कंपनी नाही, ती सहकारी संस्था आहे, म्हणून तिला कलम १३५ लागत नाही. खासगी साखर कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असेल आणि वरच्या अटीत बसत असेल, तर त्याला लागते. उसाच्या फडात कोयता चालवणारी माणसे दोन्हीकडे आमचीच असतात. तेव्हा निवेदन घेऊन जाण्यापूर्वी कारखाना कोणत्या कायद्याखाली नोंदलेला आहे, ते पाहून जावे.

सुरुवातीची सात वर्षे या कायद्याला दात नव्हते. 'खर्च करा, नाहीतर कारण सांगा' एवढाच त्याचा धाक होता. कंपन्यांनी कारणे सांगितली. योग्य प्रकल्प सापडला नाही, योग्य संस्था मिळाली नाही, नियोजन चालू आहे! ज्या देशात आजही माणूस गटारात उतरून मरतो, त्या देशात यांना 'योग्य प्रकल्प' सापडत नव्हता. २०१९ आणि २०२० च्या दुरुस्त्यांनी हे बदलले. त्या २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाल्या. आता वर्षात न खर्चलेली रक्कम कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. चालू प्रकल्पाची रक्कम असेल, तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते आणि पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्चावी लागते. प्रकल्पच नसेल, तर सहा महिन्यांत ती रक्कम कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सांगितलेल्या सरकारी निधीत भरावी लागते. भरली नाही, तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढा दंड. जबाबदार अधिकाऱ्याला रकमेच्या एक दशांश किंवा २ लाख, यांपैकी जे कमी तेवढा.

'जे कमी असेल ते' हे शब्द वाचकांनी पुन्हा एकदा वाचावेत. शंभर कोटी दडपले तरी दंड १ कोटीच. २०१९ च्या दुरुस्तीत अधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. उद्योगजगताने ओरड केली आणि ती अमलात येण्यापूर्वीच २०२० साली काढून टाकण्यात आली. शेळी चोरणाऱ्याला तुरुंग आणि कोटी दडपणाऱ्याला दंडाची पावती, हा आपल्या व्यवस्थेचा जुना न्याय आहे.

हा पैसा कशावर खर्चायचा, हे सातव्या अनुसूचीत दिले आहे. भूक, दारिद्र्य व कुपोषण निवारण, आरोग्य, स्वच्छता, पिण्याचे पाणी, शिक्षण, रोजगार देणारे कौशल्य, महिलांसाठी वसतिगृहे, पर्यावरण, ग्रामविकास, आपत्ती निवारण अशी ती यादी आहे. या यादीत आमच्या कामाच्या तीन जागा आहेत, त्यांवर बोट ठेवून सांगतो. पहिली: सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांना भोगाव्या लागणाऱ्या विषमता कमी करण्याचे उपाय. दुसरी: झोपडपट्टी क्षेत्राचा विकास. तिसरी: अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व महिला यांच्या कल्याणासाठी केंद्र सरकारने उभारलेले निधी. म्हणजे आमचे नाव कायद्यात आहे. ज्यांना कंपनीच्या कार्यालयात 'आम्ही जातीपातीचे काही पाहत नाही' असे गोड उत्तर मिळाले असेल, त्यांनी ही अनुसूची साहेबांच्या टेबलावर ठेवावी. सामाजिक मागासलेपण पाहायला संसदेनेच सांगितले आहे.

मग पैसा जातो कुठे? २०१४-१५ या पहिल्या वर्षी देशातील कंपन्यांनी या खात्यावर सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च केले. २०२२-२३ मध्ये हा आकडा जवळजवळ ३० हजार कोटींवर गेला. त्यातला मोठा वाटा शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांवर पडतो. त्यांच्या तुलनेत झोपडपट्टी विकासाला मिळते ते ताटातल्या मिठाएवढे. राज्यांमध्ये महाराष्ट्राला सर्वाधिक पैसा मिळत आला आहे, हे खरे. परंतु महाराष्ट्र म्हणजे फक्त मुंबई-पुणे नव्हे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपल्या राज्यातील गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव हे जिल्हे आहेत. कंपनीचे मुख्य कार्यालय जिथे, त्याच्या आसपास पैसा फिरतो. कार्यालय नरिमन पॉइंटला आणि धूर चंद्रपूरला, अशी ही वाटणी आहे.

कलम १३५ मध्येच लिहिले आहे की, कंपनीने जिथे ती काम करते त्या स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यावे. पण मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात सांगून टाकले की हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या वस्तीतील लोक आमच्याकडे आले होते. बोअरचे पाणी पिवळे येते, कारखान्याने पाण्यासाठी काही करावे, एवढीच त्यांची मागणी होती. कंपनीचा वार्षिक अहवाल काढून पाहिला. त्या वर्षीचा बहुतेक सगळा पैसा कंपनीच्या मालकांनीच स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाकडे गेला होता आणि त्या प्रतिष्ठानाची शाळा होती दुसऱ्या जिल्ह्यात. वस्तीच्या नावावर होते एक वृक्षारोपण. रोपे जगली असती, तर त्यांनाही तेच पाणी घालावे लागले असते.

असा पैसा स्वतःच्याच प्रतिष्ठानाला देणे बेकायदेशीर नाही. कायदा त्याला मुभा देतो. अडचण आहे ती इथेच. कोणते काम करायचे हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. त्या मंडळाच्या समितीत ज्यांच्यासाठी पैसा आहे त्या लोकांचा एकही प्रतिनिधी असण्याचे बंधन नाही. अहवालाच्या नमुन्यात प्रकल्प कोणता, जिल्हा कोणता, रक्कम किती, काम कोणामार्फत झाले, हे सारे रकाने आहेत. लाभार्थ्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती, हा रकाना मात्र नाही. शेअर बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून एक वेगळा अहवाल बंधनकारक केला. त्यात दुर्बल व वंचित घटकांतील लाभार्थ्यांची टक्केवारी विचारलेली आहे. पण तो प्रश्न ऐच्छिक भागात ठेवला. जे मोजायचे नसते, ते ऐच्छिक असते. आमची पहिली मागणी म्हणून हीच असली पाहिजे की, कलम १३५ खालील अहवालात सामाजिक गटनिहाय लाभार्थ्यांचा रकाना बंधनकारक करा. रकाना आला की प्रश्न विचारता येतो.

काय सामाजिक जबाबदारीत बसत नाही, हेही माहीत असले पाहिजे. राजकीय पक्षाला दिलेली देणगी बसत नाही. कंपनीच्या स्वतःच्याच कामगारांपुरता केलेला खर्च बसत नाही. मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व बसत नाही. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे असले एकवेळचे कार्यक्रम बसत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या कायद्याने जे करायलाच हवे ते केले, तर तेही यात मोजता येत नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरची गणना केली. तिथल्या कारखान्याने धुरांड्याला यंत्र बसवणे, सांडपाणी शुद्ध करणे, कंत्राटी कामगाराला किमान वेतन देणे ही त्याची वेगळी कायदेशीर देणी आहेत. ती बुडवायची आणि दोन टक्क्यांतून मोतीबिंदूचे शिबिर भरवून फोटो छापायचा, ही लबाडी ओळखायला आपण शिकले पाहिजे. कामगाराचे वेतन बुडवून त्याच्या पोराला दप्तर देणारा दाता नसतो.

आमच्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगतो. १४ एप्रिलच्या मंडपावर कंपनीचा फलक लावून पाच-पंचवीस हजार आणले, म्हणजे समाजाला सामाजिक जबाबदारीचा निधी मिळाला, असे समजू नये. ती कंपनीची जाहिरात आहे आणि ती स्वस्तात झाली आहे. तेवढ्यावर आमचे पुढारी गप्प बसतात आणि कोटींच्या हिशेबाचा कागद कोणी मागत नाही. मंडपाच्या वर्गणीसाठी समाज समर्थ आहे. बाबासाहेबांची जयंती आमच्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन साजरी केली आहे, ती कोणाच्या फलकावाचून अडली नाही.

मग करायचे काय? निषेधाचे पत्रक काढून काम भागत नाही. कागद हातात घ्यावा लागतो.

पहिले, माहिती काढा. आपल्या तालुक्यातील कंपन्यांची यादी करा. नियमानुसार कंपनीने आपल्या समितीची नावे, सामाजिक जबाबदारीचे धोरण आणि मंजूर प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायचे आहेत. केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय खर्च पाहता येतो. कंपनी निबंधकाकडील कागदपत्रे फी भरून कोणालाही पाहता येतात, त्यासाठी भागधारक असावे लागत नाही.

दुसरे, माहितीचा अधिकार वापरा. खासगी कंपनीला तो सरळ लागू होत नाही, पण सरकारी कंपनीला लागतो. नागपूरचे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, मुंबईत माहूल-चेंबूरला तेलशुद्धीकरण करणाऱ्या सरकारी तेल कंपन्या यांना अर्ज करून विचारता येते की, मागील तीन वर्षांत आमच्या वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत किती खर्च केला, कोणत्या संस्थेला दिला, काम कुठे आहे. अर्जात भाषण लिहू नये. पाच नेमके प्रश्न विचारावेत.

तिसरे, नुसते गाऱ्हाणे नेऊ नका, प्रस्ताव न्या. 'आमच्यासाठी काहीतरी करा' या अर्जाला केराची टोपली असते. वस्तीत किती घरे, किती मुली दहावीनंतर शाळा सोडतात, वसतिगृह किती दूर, अभ्यासिकेसाठी जागा कोणाच्या नावावर, खर्च किती, अनुसूचीतील कोणत्या बाबीत हे काम बसते, असा दोन पानांचा कागद ग्रामसभेच्या ठरावासह द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच हीच उद्याच्या लढ्याची पहिली पायरी असते.

चौथे, आपल्या संस्था कायदेशीरदृष्ट्या तयार करा. कंपनीचे काम करायला संस्था नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी असावी लागते. आयकर खात्याच्या 'बारा ए' आणि 'ऐंशी जी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या हव्यात, किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा आणि १ एप्रिल २०२१ पासून मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. आमच्या कितीतरी चांगल्या संस्था इथेच अडतात. काम वीस वर्षांचे आणि लेखापरीक्षण एकाही वर्षाचे नाही! धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज पडून, जुने विश्वस्त निवर्तलेले, नवे भांडत बसलेले. मग पैसा सुटाबुटातल्या संस्थांकडे जातो आणि त्या आमच्याच वस्तीत येऊन आम्हालाच शहाणपण शिकवतात.

इथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. 'तुमची संस्था एका जातीसाठी आहे, तुम्हाला ऐंशी जी मिळणार नाही', असे आमच्या लोकांना सल्लागार सांगतात. एका धार्मिक समुदायापुरत्या किंवा जातीपुरत्या संस्थेला ती मान्यता मिळत नाही, हा नियम खरा. परंतु १९६१ च्या आयकर कायद्यातच स्पष्टीकरण होते की अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, महिला व मुले यांच्या हितासाठीची संस्था ही जातीपुरती किंवा धर्मापुरती संस्था मानू नये. २०२५ साली नवा आयकर कायदा मंजूर झाला आहे, तेव्हा अर्ज करताना चालू कलमाचा क्रमांक तपासून घ्यावा. मात्र धार्मिक विधीसाठी किंवा विहाराच्या बांधकामासाठी हा पैसा मागू नये. अभ्यासिका, ग्रंथालय, वसतिगृह, स्पर्धा परीक्षा केंद्र, दवाखाना यांसाठी मागावा.

काही वाचक म्हणतील, भांडवलदाराच्या दोन टक्क्यांसाठी चळवळीने हात पसरायचा काय? हा प्रश्न योग्य आहे. श्रीमंतांनी गरिबांचे विश्वस्त व्हावे, हा गांधीवादी विचार बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात हास्यास्पद ठरवला होता. १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मांडणी केली. दोन टक्के म्हणजे राज्य समाजवाद नव्हे, खासगी क्षेत्रातील आरक्षणही नव्हे. ज्या दिवशी कोणी म्हणेल, 'आम्ही दोन टक्के देतो, आता आरक्षण मागू नका', त्या दिवशी त्याला ठणकावून सांगावे की कलम १३५ हे संविधानाच्या कलम १६ ला पर्याय नाही. परंतु जो हक्क कायद्याने पदरात पडला आहे, तो तुच्छ मानून सोडून देणे हाही शहाणपणा नव्हे. मालकाच्या मर्जीने मिळते ते दान. कायद्याने ठरते ते देणे. देणे मागायला हात पसरावा लागत नाही, हिशेबाची वही उघडावी लागते.

ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाणी मिळाले काय? १९२६ साली कायदेमंडळाला पुन्हा सांगावे लागले की न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखा. तरीही पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, जेव्हा बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत जे अंतर असते, ते आपल्या पायांनीच तोडावे लागते.

येत्या आर्थिक वर्षाच्या आत प्रत्येक तालुक्यातील पाच शिकलेल्या पोरांनी एकत्र बसून एका कंपनीचा अहवाल काढावा आणि वाचावा. एवढेच करावे. पुढचा प्रश्न तो अहवालच त्यांच्या तोंडी घालील.

जय भीम!